भावंडांचा रकाना

भगवानरावांवर मी वॉर्डात ओरडले, सगळ्यांदेखत. त्याचं मला अजूनही वाईट वाटत नाही.

त्यांचा मुलगा प्रविण, एकोणीस वर्षांचा, रक्ताच्या कॅन्सरचा पेशंट. केमोने आजार दबला होता. तो दबलेला असतानाच जुळणाऱ्या माणसाचा बोनमॅरो देणं, हाच त्यातल्या त्यात भरवशाचा उपाय. सख्खं भावंड जुळण्याची शक्यता चारात एक. आमच्या फॉर्मवर ‘सख्खे बहीणभाऊ’ या रकान्यात भगवानरावांनी लिहवलं होतं : एक, धाकटा भाऊ. तो जुळला नाही. बापाचा अर्धा जुळणारा बोनमॅरो चालतो, पण मला त्यात जोखीम जास्त वाटली, म्हणून अनोळखी दाता मिळेल या आशेवर मी चार महिने थांबले. दाता मिळाला नाही आणि आजार उलटला.

तो रिपोर्ट आला त्याच दुपारी एक बाई भाकरीचा डबा घेऊन आली. हनुवटी थेट प्रविणची.

“ही कोण?” मी विचारलं.

“वर्षाराणी. थोरली लेक. उमापूरला दिली,” भगवानराव म्हणाले.

“सख्खी?”

“सख्खीच की, म्याडम.”

“मग सांगितलं का नाही? तोंडाने विचारलं होतं मी!”

“दिलेली लेक कशी मोजायची? ती आता त्यांची हाय. परक्याचं धन.”

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. “कापूस वेचायला बोलावता तेव्हा कुणाची असते हो ती? राखीला कुणाची असते? पोरगं मरायला टेकलं आणि तुम्ही लेक मोजली नाही!”

वर्षाराणीने बाही वर केली. “आदी रगत घ्या, म्याडम. मग भांडा.”

“सासरी विचारावं लागेल ना?” मी म्हणाले.

“त्यांचं मी बघते.”

पुण्याहून तिचा रिपोर्ट आला. पूर्ण जुळत होती. पण आजार पुन्हा दबल्याशिवाय बोनमॅरो देऊन उपयोग नव्हता, आणि या खेपेला तो दबला नाही. दुसऱ्या केमोच्या बाराव्या दिवशी प्रविण तापातच वारला.

वर्षाराणी बाहेर बाकावर बसली होती, बोनमॅरो द्यायला पुण्याला जायची पिशवी भरून. ती रडली नाही. माझ्या अंगावरच आली.

“बाप अडाणी हाय माझा. तुमी तर बीडच्याच ना? तुमाला ठावं न्हवतं, आमाला कुटं मोजत न्हाईत ते? एक डाव इचारायचं होतं, लेकी किती दिल्या म्हणून. मी गाडीला लटकून आले असते!”

ठाऊक होतं ना मला. अब्बांच्या फळांच्या गाड्यावर कुणी विचारलं, शफीभाई, मुलं किती, तर अब्बा म्हणायचे, “एक. सद्दाम.” आम्ही तिघी बहिणी तिथंच मोसंब्या पुसत असायचो. शिकले, पुण्यात नाव कमावलं, बीडला परत येऊन हा विभाग उभा केला, आणि फॉर्म बनवताना तेच विसरले. म्हणे संशोधक! भगवानरावांवर ओरडायला काय जातं? आपलेच दात आणि आपलेच ओठ.

आणि मी काय सिद्ध केलं होतं? दोनशे चौदा कुटुंबं तपासून मी पेपर लिहिला होता की मराठवाड्यात जुळणारं भावंड अपेक्षेपेक्षा कमी मिळतं. कारणही दिलं होतं, लहान होत चाललेली कुटुंबं. दिल्लीच्या परिषदेत टाळ्या पडल्या, प्रश्न एकानेही विचारला नाही. लहान कुटुंबं! इथं, या जिल्ह्यात! लाज वाटली मला, आणि स्वतःचाच संताप आला.

पेपर मागे घेत असल्याचं पत्र मी त्याच संध्याकाळी पाठवलं. मग जुन्या फाइली काढल्या आणि एकेका घरी फोन करायला बसले. पहिली फाइल धारूरच्या सुंदररावांची. त्यांचा मुलगा दोन वर्षांपूर्वी गेला, दात्याची वाट बघत. सख्खे बहीणभाऊ : शून्य. अक्षर माझंच.

“सुंदरराव, बीडहून डॉक्टर अदिबा बोलतेय. तुम्हाला मुली किती?”

“लेकी? चार हायत की. चारी दिल्या,” ते म्हणाले. “कावून, म्याडम?”

मी त्यांना खरं काय ते सांगितलं.