पहाटे पाचचं पाणी

मी एक हौद आहे. नदीकाठच्या एका लहान गावाचं सांडपाणी माझ्यात येतं. मला बघायला सहसा कुणी येत नाही, आलंच तर नाकाला रुमाल लावून. तरी या गावाला माझ्याइतकं कुणी ओळखत नसेल. कोण आजारी आहे, कुणाकडे पाहुणे आलेत, कुठलं घर गप्प झालंय, सगळं पाण्याबरोबर माझ्यापर्यंत पोचतं.

मला बांधलं गवंड्यांनी, पण माझ्यात जीव घातला माझी देखभाल करणाऱ्या वाइनो कांगासनं. बेचाळीस वर्षांपूर्वी त्यानं शेजारच्या गावाहून टँकरभर जिवंत गाळ आणला आणि दुधाला विरजण लावावं तसा माझ्यात सोडला. तो तपकिरी गाळ म्हणजे कोट्यवधी सूक्ष्म जीव. पंप खालून हवा सोडतो, ते श्वास घेतात आणि गावाची घाण खातात. मग पलीकडच्या शांत हौदात गाळ तळाशी बसतो, नितळ पाणी नदीत जातं. बसलेला गाळ पुन्हा माझ्याकडे येतो.

वाइनो माझ्या आवाराच्या फाटकासमोरच्या घरात एकटाच राहायचा. पहाटे पाचला त्याच्या अंघोळीचं पाणी सगळ्यांच्या आधी यायचं. कोमट, डांबराच्या साबणाचा वास असलेलं. मागोमाग तो स्वतः. कठड्यावर हात ठेवून म्हणायचा, "काय रे, झोप झाली का?"

जानेवारीतल्या एका पहाटे ते पाणी आलं नाही.

आता त्याची मुलगी इर्मा माझं बघते. बापाच्या घराला तिनं कुलूप लावलं, नळही तोडून घेतला. ती माझ्याशी बोलत नाही.

एप्रिलात बर्फ एकदम वितळलं. भर दुपारी असं धुकं, की पलीकडचा कठडा दिसेना. जमिनीतलं पाणी जुन्या, तडकलेल्या गटारांत शिरलं आणि रोजच्या चौपट लोंढा माझ्यावर आला. शांत हौदात गाळ बसेना. तपकिरी ढग काठापर्यंत चढले.

"इर्मा, चालला गं तुझा गाळ नदीला!" डेल ओरडला. हा रस्त्यांच्या कामावरचा माणूस, मदतीला आलेला.

"दिसतंय मला."

"नुसती बघत काय राहिलीस? तुझ्या बापानं निदान दोन शिव्या तरी हासडल्या असत्या."

गाळ वाहून गेला असता तर नवा तयार व्हायला सहा आठवडे लागले असते. तेवढे दिवस गावाची घाण तशीच नदीत गेली असती. आणि खाली नदीतल्या खडीवर मासे नुकतेच अंडी घालायला आले होते.

तेव्हा मला तो वास आला. डांबराचा साबण. कुलूप लावलेल्या घराच्या बाजूनं.

कठड्याशी इर्मा ताठ उभी राहिली.

"डेल, अंगाला काय लावलंयस तू?"

"चिखल. का गं?"

तिनं वासाच्या दिशेनं तोंड वळवलं. मग हळूच म्हणाली, "बाबा म्हणायचे, पूर आला की गाळाला झोपव." आणि तिनं हवेचा पंप बंद केला.

"वेड लागलं का तुला? गुदमरून मरतील ते जीव!"

"दोन तासांत नाही मरत."

माझा श्वास थांबला. बुडबुडे विरले. गाळ हळूहळू माझ्याच तळाशी उतरला, निजल्यासारखा, आणि लोंढा त्याच्यावरून फिकट होऊन निघून गेला. दर दोन तासांनी ती थोडी हवा द्यायची, पुन्हा बंद करायची. तिसऱ्या दिवशी पाणी ओसरलं. मे महिन्यात खडीवर पिल्लं दिसली, असं डेलच सांगत आला.

वाइनोच्या घराचं कुलूप अजून तसंच आहे. नळ तोडलेलाच आहे. तरी पहाटे पाचला त्या घराकडून बादलीभर कोमट पाणी येतं, त्याच साबणाच्या वासाचं. इर्मा पावणेपाचलाच येते आणि कठड्यावर हात ठेवून उभी राहते. त्याबद्दल आम्ही दोघंही बोलत नाही.

माणसांनो, मोरीत उरलेलं तेल, रंग, औषधं ओतू नका, एवढंच मागणं आहे. त्यानं गाळ मरतो, मागोमाग नदी मरते, हे तर आहेच. पण त्या उग्र दर्पात दुसरा एखादा वास हरवून जातो, आणि त्याची वाट बघत कुणीतरी कठड्याशी उभं असतं.