सातव्या सामन्याची दाढी

ओरेस्टनं पायरीवर आपटून बुटांचा बर्फ झाडला, आत येऊन तोंडाभोवतीचा मफलर सोडला आणि पेपर तपासत बसलेल्या लोर्नाच्या हातातलं लाल पेन गळून पडलं.

त्याची दाढी गेली होती.

सहा आठवडे वाढवलेली, सूप प्याल्यावर पुसावी लागणारी ती दाढी! ओरेस्ट गावच्या बर्फावरच्या हॉकी संघाचा बचावपटू. बाद फेरी सुरू झाली की संघातल्या कुणी वस्तऱ्याला हात लावायचा नाही, बाहेर पडलो किंवा चषक जिंकला की मगच दाढी करायची, हा आजोबांच्या काळापासूनचा नियम. आज संध्याकाळी अंतिम फेरीचा सातवा, निकालाचा सामना होता.

लोर्ना हायस्कुलात संख्याशास्त्र शिकवायची. मेनोनाइट ह्या साध्या राहणीच्या ख्रिस्ती पंथातली, शब्द मोजून वापरणारी. ओरेस्ट बोलायला लागला की शेजारचं कुत्रंही गप्प बसे. ह्या दोघांचं जमलं कसं, हे कोडं गावाला दोन वर्षं सुटलं नव्हतं. जानेवारीत त्यानं तिला लग्नाचं विचारलं. ‘आधी डावा स्केट घातला नाही तर हरतो, असं मानणाऱ्या माणसाशी संसार कसा करू?’ असं म्हणून तिनं उत्तर लांबणीवर टाकलं होतं. त्याला ते फार लागलं होतं.

“झालो की नाही शहाणा?” गुळगुळीत हनुवटी चोळत तो म्हणाला. “तूच म्हणतेस ना, केसांचा नि गोलचा काय संबंध?”

“डोक्यावर पडलास का रे तू?”

“आं?”

“आजच सुचलं? उद्या काढता येत नव्हती?”

“उद्या तर सगळेच काढतील. त्यात माझं शहाणपण काय?”

लोर्ना उठली, चुलीवरची किटली उगाच इकडची तिकडे केली आणि त्याच्याकडे पाठ करून म्हणाली, “ह्या फेरीत तुम्ही तीन सामने हरलात ना?”

“हो. मग?”

“तिन्ही वेळा मी मैदानाच्या पुढच्या दारानं आत आले होते. जिंकलात ते तिन्ही वेळा मागच्या.”

ओरेस्ट बघतच राहिला. मागच्या दाराशी तर कमरेएवढा बर्फ साचलेला असतो.

“आज कुठल्या दारानं येणार होतीस?”

“विचारू नकोस.”

“सहा सामन्यांवरून निष्कर्ष? तुझ्या पोरांनी असं लिहिलं तर?”

“नापास करीन,” ती म्हणाली. तिचे कान लालबुंद झाले होते.

त्याला इतका आनंद झाला की मोठ्यानं हसायचंसुद्धा त्याला सुचलं नाही. संघातली पोरं आज त्याला सोलून काढणार होती, आणि त्याला त्याचं काहीच वाटत नव्हतं.

“लोर्ना, आता तरी सांग. हो की नाही?”

तिनं तोंड उघडलं, मिटलं. मग जवळ येऊन त्याच्या गार गालावर तळवा ठेवला.

“सामना होऊ दे आधी,” ती कुजबुजली. “असलं काही आधी बोललं की हरतात.”