आशालताची सायकल

पहाटे शेजारच्या कमळाकरांकडे दवाखान्यातून फोन आला आणि दीनानाथांना कळलं, त्यांची बायको आशालता गेली. दवाखान्यातले डॉक्टर एवढंच म्हणाले, "दमा होताच. हमरस्त्यावरच्या धुराने तो बळावला."

आशालता पनवेलच्या हमरस्त्याने सायकलवरून शाळेत शिकवायला जायची. तेरावं झालं आणि दीनानाथांनी तिची सायकल गॅलरीत साखळीने बांधून टाकली. मुलीला, सईला बजावलं, "कॉलेजला टमटमनेच जायचं."

"बाबा, टमटममध्ये गुदमरायला होतं हो!"

"मुकाट्याने जा. आई गेली ते पुरे नाही का?"

पुढच्या रविवारी आशालताची धाकटी बहीण अरुंधती आली. ती डॉक्टर. चालण्या-सायकलीने तब्येतीला किती फायदा आणि वाटेतल्या धुराने किती तोटा, याचं गणित ती शहराशहरांसाठी मांडत होती.

"भावोजी, धूर छातीत जातो हे खरं. पण सायकलने काळीज बळकट होतं. दोन्ही तराजूत घाला, आपल्यासारख्या गावात फायद्याचं पारडं जड भरतं."

"मग तुझी ताई का गेली?"

"ताईला दमा होता आणि ती ट्रकांच्या मागून जायची. आतली वाट धर, असं तिला कुणी म्हटलंच नाही. मीसुद्धा नाही."

"कागदावर सगळं ठीक असतं."

"कागद राहू द्या. उद्या सईबरोबर टमटममध्ये बसा. मागच्या बाकावर हं! जावईबापू म्हणून पुढचा मान घेऊ नका."

दुसऱ्या दिवशी दीनानाथ बसले. बाकाखालून काळा धूर वर येत होता. शेजारी बसलेली जासई गावची भामा हसली, "काका, रुमाल धरा तोंडावर. सवय नाय वाटतं!"

कॉलेजपाशी उतरून त्यांनी रुमाल पाहिला. काळा! आशालताचे असेच रुमाल ते धूत असत. अरे, ज्या धुरापासून पोरीला वाचवायचं, त्याच धुरावर आपण तिला रोज बसवतोय!

संध्याकाळी त्यांनी साखळी सोडली, सीट सईच्या उंचीला बसवली. तळ्याकाठच्या गल्लीतून कॉलेजपर्यंतची वाट सायकल हातात धरून तिला स्वतः चालून दाखवली. सई म्हणाली, "बाबा, दमलात ना? बसा मागे!" कितीतरी दिवसांनी ते हसले.

नागरिकहो, धुराला भिऊन पाय बांधून घेऊ नका. वाट बदला, आणि धूर कमी करा म्हणून सगळे मिळून मागणी करा.

दीनानाथांनी नगरपालिकेत तशी मागणी केली आहे, आणि हमरस्त्याच्या कडेला सायकलींसाठी वेगळी वाटही मागितली आहे. ती वाट अजून झालेली नाही.