खिडकीखालची शेळी

आमच्या गल्लीत सुंदरम्माची शेळी दोन महिन्यांत टम्म झाली आणि माझी सासू तेवढीच वाळली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे हे मला श्रावणात कळलं. रोज दोघींना बघत होते, तरी.

सासू केराबाई, वय त्र्याहत्तर. जन्म सगळा सांगोल्याकडं मेंढरांमागं गेला. उन्हाळ्यात वस्तीवर पडली. हाड मोडलं नाही, पण महिनाभर खाटेवर काढल्यावर जमिनीवरनं उठता येईना. म्हणून माझ्या नवऱ्यानं, शहाजीनं, तिला सोलापुरात आणलं. तिची बावीस मेंढरं धाकट्या दिराकडं राहिली.

शहाजीनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "आये, दिवाळीच्या लोकर-कातरणीपतुर जमिनीवरनं आपली आपण उठून दाखव. उठलीस तर वस्तीवर सोडतो. न्हाय तर मेंढरं इकायची आन् हितंच ऱ्हायचं."

"व्हय," ती म्हणाली. एवढंच.

म्हाताऱ्या माणसाला मऊ द्यावं म्हणून मी सकाळी चहा-बिस्किट, दुपारी मऊ भात, रात्री आमटीत कुस्करलेली भाकरी द्यायची. ताट खिडकीपाशी ठेवायची. ताट परत यायचं ते चाटूनपुसून स्वच्छ. मला बरं वाटायचं.

मग एक दिवस दुधनी गावची सुंदरम्मा दारात आली. "अक्का, भाकरीत काय घालताय वो? माझी शेळी आता पाल्याला तोंड लावंना की!"

मी तशीच आत गेले. "आत्याबाई, माझ्या हातचं ग्वाड लागत न्हाय व्हय?"

"लागतंय की."

"मग शेळीच्या तोंडात का?"

ती भिंतीकडं बघत म्हणाली, "खाल्लं की जावं लागतंय. जायचं म्हणलं की तुला हाक मारायची. दिवसातनं धा येळा. परवा तू पिठाच्या हातानं आलीस. तोंड बघितलं मी तुजं."

तोंड वाकडं केलं होतं मी. खोटं कशाला बोलू?

पाणीही तिनं तोडलं होतं. सवयच ती. मेंढरांमागं चालताना बाईला आडोसा मिळत नाही, म्हणून मुक्काम येईपर्यंत खायचं नाही, प्यायचं नाही. तरुणपणी हे निभलं. आता तीच सवय तिचे पाय खात होती, आणि पाय गेले म्हणून ती आणखी कमी खात होती.

म्हातारीला चांगलंचुंगलं खाऊ घाला, असं सांगणारे मला ढीगभर भेटले. म्हातारीला संडासला जाता येतं का, हे एकानं विचारलं नाही. डॉक्टरनं नाही, पोटच्या मुलानं नाही, मी नाही. शहाजीनं प्रोटीनचा भला मोठा डबा आणला. संडासात धरायला भिंतीला एक दांडा मात्र बसवला नाही.

दुसऱ्या दिवशी माणूस बोलावून मी दांडा बसवून घेतला.

"भाड्याच्या घराची भित फोडलीस?" शहाजी ओरडला.

"फोडली. तू धरून न्हेतोस का आईला?"

तो दांडा हलवून बघायला लागला.

गल्लीतली प्रियंका फिजिओथेरपी करते. तिनं आत्याबाईच्या मांड्या दाबून बघितल्या. म्हणाली, "आजी, मांस झिजलंय. डाळ, दूध, अंडं पोटात गेलं पाहिजे आणि पायाला काम पाहिजे. नुसत्या भात-बिस्किटांवर आतड्यातले चांगले बॅक्टेरियापण उपाशी राहतात. त्यांना ज्वारी, कडधान्य, भाजी लागते. ते नीट असले तर स्नायूंनाही मदत होते, असं वाटतंय. सगळं सिद्ध झालेलं नाही, शोध चालू आहे."

"म्हंजी पोटातबी कळप हाय व्हय?" आत्याबाई म्हणाली. "आन् आमी त्याला बिस्किटं चारतोय!"

प्रियंका हसली, पण म्हातारी हसली नाही. तिनं त्याच दिवशी मला ज्वारीचं पीठ ताकात भिजवायला लावलं. ते रात्रभर आंबलं की सकाळी शिजवून आंबील. दुपारी मटकी, रात्री भाकरी आणि अंडं. पहिले आठ दिवस पोट गुरगुरलं. मग शांत झालं. दांडा धरून ती आपली आपण जायला लागली आणि तांब्यानं पाणी प्यायला लागली.

प्रियंका खुर्ची धरून उठायला शिकवायची. ते आत्याबाईला पटेना. "माळावर खुर्ची कुटं हाय?"

दिवाळीच्या आधीच्या रविवारी ती मधल्या खोलीत फरशीवर बसली आणि शहाजीला हाक मारली. "बघ रं."

पहिल्यांदा बूड उचललं आणि बसली. दुसऱ्यांदा तोल गेला. मी पुढं झाले तर हात झटकला. मग ती कुशीवर वळली, दोन्ही हात-गुडघे टेकले, आधी मागचं अंग वर घेतलं, मग हातांनी फरशी ढकलून हळूहळू सरळ झाली. मेंढी उठते तशी.

"हात टेकलंस की," शहाजी म्हणाला.

"आपली आपण उठ म्हणला हुतास. हाताचं काय बोलला न्हाईस." पाय थरथरत होते, पण ती उभी होती. "सकाळची यष्टी बघ."

शहाजी माझ्याकडं बघायला लागला. "आणि वस्तीवर संडासात दांडा बसवणाऱ्यालाबी सांग," मी म्हटलं. "त्याच्याबिगर मी सोडायची न्हाय." शहाजीनं तिथंच धाकट्या भावाला फोन लावला.

सकाळी आत्याबाईला आठ भाकऱ्या, मटकी आणि शेंगाचटणी बांधून दिली. खिडकीखाली शेळी नेमानं उभी होती. तिची काही चूक नव्हती. तरी मी तिला एक तुकडा दिला नाही.