सुपाखालचा फोन

"फोन हाय का लग्नातला भोंगा?" सावित्रीबाईंच्या शेजारी बसलेली हजराबी पदर कानावर ओढत पुटपुटली. "आख्ख्या गाडीला ह्याच्या म्हशीचं दूध कळलं."

केजहून युसूफ वडगावला निघालेल्या एसटीत, पुढच्याच बाकावर गहिनीनाथ फोन आरशासारखा तोंडासमोर धरून, स्पीकर लावून व्याह्याशी बोलत होते. म्हैस आटली होती, जावई रुसला होता, आणि दोन्ही गोष्टींचा दोष व्याह्यांवर होता. पलीकडच्या बाकावर एक पोरगी गाण्याची एकच ओळ पुन्हापुन्हा वाजवत होती. मागं कुणाच्या तरी मोबाइलवर कीर्तन रंगलं होतं.

एरवी सावित्रीबाई उठून बोलल्या असत्या. माजलगावात त्यांच्या बचत गटात त्यांचा दरारा होता. बैठकीला आलं की प्रत्येकीनं आपला मोबाइल परातीत ठेवायचा, वर सूप पालथं घालायचं, आणि बैठक उठेपर्यंत कुणी हात लावायचा नाही. नियम त्यांनीच केलेला. "समोरच्या बाईला बसवून ठिवायचं अन् लांबच्याशी हसत बोलायचं, ही कुठली रीत?" असं त्या ठणकावून सांगत.

काल दुपारी सुपाखाली फोन वाजला. थांबला, पुन्हा वाजला. तिसऱ्यांदा मंजुळाबाईनं सूप उचलून बघितलं.

"ताई, तुमच्या बंकटचा हाय. घ्या की."

"अध्यक्षानंच नियम मोडला तर झालंच मग! ठिव ते सूप. त्याचं कायबी काम नसतं. जेवलीस का, इचारतो."

बाया हसल्या. धाकटा भाऊ खरंच तेवढंच विचारायचा, तेही असं ओरडून की फोन नसता तरी माजलगावला ऐकू आलं असतं. संध्याकाळी लावू म्हणून सावित्रीबाईंनी फोन कमरेला खोचला. मग पाहुणे आले, भाकरी थापायच्या होत्या. राहूनच गेलं.

आणि आज सकाळी दीर भारत दारात उभा. "वहिनी, बंकटरावाची तब्येत जरा जास्त हाय. चार दिवसांचे कपडे घ्या." मालक पहाटेच चहा न घेता मोटारसायकल काढून गेले होते, ते पुढं बंकटकडं वडगावलाच गेलेत हे तेव्हा कळलं. स्वतःचा फोन घ्यायला गेल्या तर भारत म्हणाला, "चार्जिंगला लावलाय, ऱ्हाऊ द्या." रात्रभर चार्जिंगलाच तर होता तो.

'जरा जास्त हाय.' हे शब्द सावित्रीबाईंच्या चांगल्या ओळखीचे होते. थोरल्या जावेचा बाप गेला तेव्हा त्यांनी स्वतःच तिला हेच सांगून परळीपर्यंत नेलं होतं, वाटेत उसाचा रसही पाजला होता. वाटेवर सांगायचं नसतं. बाई धरायला घरातली माणसं लागतात. पण आज त्या मनाला बजावत होत्या, कधीकधी तब्येत खरंच नुसती जास्त असते. लोक दवाखान्यातून परत येतात. बंकट तर बैलासारखा गडी.

धारूरच्या घाटात त्यांनी भारतचा फोन मागितला, तर तो म्हणाला, रेंज न्हाई. केजच्या स्टँडवर रेंज होती, तर तो पाठ करून, तोंडावर हात धरून बोलला. भारत! जो स्वतःच्या लग्नातसुद्धा हळू बोलला नव्हता.

आता त्यांच्यानं राहवेना. त्या गाडीभर ऐकू जाईल अशा बोलल्या, "कुनी एक फोन लावून देता का? वडगावला, माझ्या भावाला. बंकटला. नंबर पाठ हाय मला."

"माझ्यावरून लावा की," हजराबीनं लगेच पिशवीतून फोन काढला.

तेवढ्यात भारत उठला. दांड्याला धरत पुढं गेला आणि गहिनीनाथांच्या कानाशी वाकला. गहिनीनाथांचं वाक्य अर्ध्यात तुटलं. "ठिवतो," एवढंच ते व्याह्यांना म्हणाले. भारतनं मागं येऊन हजराबीच्या कानात काहीतरी सांगितलं. तिचा पुढं आलेला हात पिशवीत परत गेला.

"बॅटरीच उतरली, बहन," ती खिडकीकडं बघत म्हणाली.

कुजबुज बाकाबाकावरून मागं गेली. पोरीचं गाणं बंद झालं. कीर्तन बंद झालं. कुणाचा तरी फोन वाजला, तर त्यानं चोरी पकडली गेल्यासारखा घाईघाईनं दाबून टाकला. अख्ख्या गाडीला एकाएकी रीतभात आली. जी शिस्त लावायला सावित्रीबाईंनी गटात तीन वर्षं घसा फोडला, ती या गाडीत एका मिनिटात लागली. खिडक्यांच्या काचा तेवढ्या खडखडत होत्या.

"कावून गप झाले सगळे?" सावित्रीबाईंनी विचारलं.

भारतनं बाकाखालची पिशवी ओढून घेतली.

"वहिनी, आलंच आता वडगाव. बसा."

"भावजी, तुमी बसा." त्यांनी पुढच्या बाकाची दांडी दोन्ही हातांनी धरली. "ओ दादा, लावा की तुमचा फोन. म्हशीचं सांगत व्हते ना? लावा. स्पीकर लावा. मी काय म्हनत न्हाई. ए पोरी, वाजव तुझं गानं. वाजव बाई, मोठ्यानं वाजव!"

पोरगी फोन छातीशी धरून रडायला लागली.

"काल तीनदा केलता त्यानं. मी घेतला न्हाई. चारचौघींत बसले व्हते, घेतला न्हाई." "एक डाव लावून द्या कुनीबी. लई बोलत न्हाई. जेवले म्हनून सांगते अन् ठिवते."

गहिनीनाथांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. भारत मागून मान हलवून त्यांना नको नको म्हणत होता. त्यांनी ते पाहिलं. तरी ते बाकावर पुरते मागं वळले. मघापासून साऱ्या गाडीला नकोसा झालेला तो आवाज आता इतका खाली आला, की हजराबीलाही पुढं वाकावं लागलं.

"ताई," ते म्हणाले, "बंकट पहाटंच गेला. तुमच्यासाठी थांबलेत."