मेटकरी

रखमाजी गराडे मावळातल्या परंदवडीच्या शेतकऱ्याचा मुलगा, पण पुण्याच्या कॉलेजात इतिहास शिकवताना इंग्लंडचे राजे सनावळीसकट घडाघडा म्हणायचा. त्याच मावळातल्या एका शब्दाने मात्र त्याची पुरती फजिती केली. साल होतं एकोणीसशे अडतीस.

"तुमची घराणी पूर्वी काय करत?" त्याने वर्गात विचारलं होतं. कुणी देशमुख निघाला, कुणी सराफ. कुरवंड्याच्या कोळ्यांच्या वाडीतला शिदू म्हणाला, "आमी मेटकरी."

"मेट म्हणजे रेल्वेच्या गँगचा मुकादम ना?" रखमाजी सहज बोलून गेला. वर्ग फिदीफिदी हसला. दुसऱ्या दिवशी शिदूची जागा रिकामी. मग निरोप आला, की त्याने कॉलेज सोडलं.

महिन्याभराने एक जुना मोडी कागद वाचताना रखमाजी थबकला. 'कुरवंडे घाटाचे तोंडी मेटे तीन. मेटकरी कोळी यांणी अहोरात्र पहारा करावा.' कागद रेल्वे येण्याच्या शंभर वर्षं आधीचा. मेट म्हणजे पहाऱ्याची चौकी. घाट राखणाऱ्यांचा पोर आपण हसून हाकलला, या विचाराने त्याला अन्न गोड लागेना.

रविवारी तो सगळा वर्ग घेऊन लोणावळ्याला उतरला आणि कुरवंड्याची वाट चालू लागला. शिदू खळ्यावर भात झोडत होता. रखमाजीने कागद वाचला आणि सगळ्यांदेखत हात जोडले. "मी चुकीचं शिकवलं, शिदू. पण ही मेटं नेमकी कुठं होती, ते कागदात नाही. ते तू शिकव."

शिदूने हातातली पेंढी खाली ठेवली आणि आईकडे पाहिलं. त्याची आई, बाया, पदराला हात पुसत म्हणाली, "दाव की रं. लय लांबनं आल्याती. खालचं मेट, आंब्याचं मेट, आन् वरचं दिव्याचं."

मग शिदू पुढे आणि कॉलेज मागे. पडके चौथरे, दिव्याचा कोनाडा, कुठून कोण कुणाला हाक घालायचं, सगळं त्याने दाखवलं. सर्वांत मोठ्याने हसलेला सराफ वही घेऊन त्याच्या मागे धापा टाकत होता. "जरा सावकाश सांग, लिहून घेतोय." रखमाजीला तर आनंदाने रडू आलं.

सोमवारी हजेरी सुरू झाली. "शिदू बुधा कोळी."

शिदू मागच्या बाकावर उठून उभा राहिला. "नाव दुरुस्त करा, सर. शिदू बुधा मेटकरी."

रखमाजीने जुनं खोडून ठळक अक्षरांत नवं लिहिलं आणि पुन्हा पुकारलं.

"हजर," शिदू म्हणाला, आणि सगळ्या वर्गाने बाकं वाजवली.