कव्हरावरचा दादा

“ह्या वेळी बुडवलास होय त्याला?”

आईने अंक नाकाला टेकेल इतका जवळ धरला होता. मुखपृष्ठावर नीलझेप पाण्याखाली होता. पायांत साखळदंड, तोंडातून निघालेले बुडबुडे, आणि वर लाल अक्षरांत ‘नीलझेपचा अंत’. ताई मोरीत बसून नखांतला रंग घासत होती. तिथूनच म्हणाली, “मी कशाला बुडवू? मालकांनी बुडवला.”

“ब्रश कुणाच्या हातात होता?”

“अगं, आत सुटतो तो. दर महिन्याला सुटतो ना?”

“ते धाकटीने वाचलं की मग खरं.” आईने अंक माझ्या मांडीवर टाकला. “वाच गं. आधी पाण्यातून बाहेर काढ त्याला, मग बाकीचं.”

माझी थोरली बहीण चित्रकथांच्या एका मासिकाची मुखपृष्ठं रंगवायची. तिथली रीत उलटी होती. गोष्ट आधी आणि चित्र मागून, असा प्रकारच नव्हता. मालक खुर्चीत रेलून एखादं भयंकर दृश्य सांगायचे, ताई ते रंगवायची आणि मग त्या चित्राला पुरेल अशी गोष्ट गोष्टवाल्या काकांनी रचायची. त्यामुळे बाहेर मासिकाच्या नायकाची, नीलझेपची, समाधी दिसली, तर आत ते नाटकातलं नेपथ्य निघायचं. बाहेर तो जिवलग मित्राच्या डोक्यात हातोडा घालताना दिसला, तर आत तो मित्राचा मेणाचा पुतळा असायचा. एकदा तो बोटाएवढा होऊन काचेच्या बरणीत अडकला होता. आत कळलं की त्याला ताप आला होता आणि ते सगळं स्वप्न होतं. हल्ली लोक हे अंक हौसेने जमवतात, प्लॅस्टिकच्या पिशव्यांत जपतात आणि मुखपृष्ठांवरच्या थापांना हसतात. हसण्यासारख्या होत्याच त्या. चित्राखाली ताईची सही मात्र कुठेच सापडायची नाही. मालकांना ती पद्धत मान्य नव्हती आणि ताईनेही कधी हट्ट धरला नाही.

गोष्टवाल्या काकांचं आणि तिचं नेहमी जुंपायचं. मी सुट्टीच्या दिवशी तिचा डबा घेऊन छापखान्यात गेले की कानांवर यायचं.

“बाई, तुम्ही ह्याला अजगराच्या पोटात घातलात. आता मी कुठून बाहेर काढू?”

“तोंडातून काढा. दुसरीकडून काढलात तर मालक छापायचे नाहीत.”

खिडकीजवळचा तो उतरता लाकडी फळा, बाटल्यांतलं गढूळ पाणी, खालच्या मजल्यावर यंत्र सुरू झालं की थरथरणारी जमीन. तेवढ्या जागेत ताईचं तारुण्य सरलं. आलेल्या दोन स्थळांपैकी एकाने विचारलं होतं, “चित्रं काढता म्हणजे फुलंबिलं ना?” ताई म्हणाली, “नाही, गळे दाबलेली माणसं.” ते स्थळ परत आलं नाही.

नीलझेपचा चेहरा दादाचा होता. पहिल्या अंकाच्या वेळी मालकांनी रुंद जबडा आणि दाट भुवया मागितल्या, आणि ताईच्या हातून आमचा भाऊ उतरला. दादा तेव्हा मालवाहू जहाजावर होता. घरी आल्यावर त्याला दाखवू आणि चिडवू, असं आमचं ठरलं होतं. पण तो आलाच नाही. कुठल्याशा बंदरात उतरला आणि पुन्हा जहाजावर चढला नाही, इतकंच कंपनीने कळवलं. मेला म्हणावं तर कुणी पाहिलं नव्हतं, जिवंत म्हणावं तर खबर नव्हती. चौकशा करून करून आमचे मामा थकले. त्यानंतर घरात त्याचा विषय निघायचा तो फक्त नीलझेपच्या आडून.

आईला अक्षर येत नव्हतं आणि डोळ्यांवर तर पडदाच आला होता. आतली बारीक चौकटींतली चित्रं तिला चिखलासारखी दिसायची. मुखपृष्ठ तेवढं मोठं आणि भडक, ते दिसायचं. म्हणजे ह्या बाईला दर महिन्याला काय दिसे, तर आपला मुलगा फासावर, आपला मुलगा आगीत, आपला मुलगा थडग्यात. मग ती मला वाचायला बसवायची. मी शेवटच्या पानावर त्याला सुखरूप उभा केला की ती “हं” म्हणायची आणि उठून कामाला लागायची. तो दादा आहे असं ती कधी बोलली नाही. आम्हीही नाही. एकदाच तिने ताईला विचारलं, “कव्हरावर त्याला कधी बरं का दाखवत नाहीस?”

“बरा असला तर अंक कोण घेईल, आई?”

“मी घेईन की.”

अशी बरीच वर्षं गेली. मग अंक खपेनासा झाला आणि मालकांनी मासिक बंद करायचं ठरवलं. शेवटच्या अंकाच्या वेळी मात्र रीत फिरली. गोष्ट आधी लिहून झाली होती, आतली पानं छापूनही झाली होती. मी त्या दिवशी डबा घेऊन गेले तेव्हा तिघंही ताईच्या फळ्याशी उभी होती आणि फळ्यावर कोरा कागद होता.

“घरी परत येतोय असं काढा,” मालक सांगत होते. “दार उघडं, म्हातारी आई उंबऱ्यात, हा हसतोय. वर ‘नीलझेप घरी आला’.”

“आणि आत?” ताईने विचारलं.

गोष्टवाले काका खिडकीबाहेर बघत म्हणाले, “आत मरतो.”

“स्वप्नात?”

“नाही, बाई. खराच.”

ताई मालकांकडे वळली. “मग मरतानाच काढते ना. इतकी वर्षं खोटं काढलं, एकदा तरी जे आत आहे तेच बाहेर असू द्या.”

“त्याच्या मरणाला आता कोण विचारतं? तुम्हीच त्याला इतक्यांदा मारून ठेवलात. पोरंसुद्धा म्हणतात, ह्याला काही होत नाही.” मालक चिडले नव्हते, दमलेले होते. “घरी आला म्हटलं तर निदान उत्सुकतेने उचलतील.”

“काका, मग तुम्ही त्याला जगू द्या.”

“तुम्ही मारायचं आणि मी वाचवायचं, ह्यात माझे केस गेले,” काका म्हणाले. “त्याच्या जिवावर बेतलंय असं मला एकदाही लिहिता आलं नाही. एक शेवट मला माझा लिहू द्या हो. आणि आता छापलंय ते काय पुसू?”

ताईने वाद घातला नाही. ती बसली आणि पेन्सिलीला टोक करू लागली. मी हळूच म्हटलं, “निदान चेहरा दुसरा काढ.”

“आईला काय सांगू? दुसराच कुणी घरी आला म्हणून?”

तिने दार काढलं, उंबरा काढला, निळी केप काढली. चेहऱ्याशी येऊन तिचा हात थांबला. इतक्या वर्षांत नीलझेप एकदाही हसला नव्हता. प्रत्येक मुखपृष्ठावर त्याचे ओठ वेदनेने घट्ट आवळलेले असायचे.

“त्याचा कुठला दात पुढे होता गं?” तिने मला विचारलं.

“डावा.”

“त्याचा डावा की बघणाऱ्याचा?”

मी डोळे मिटून दादाला हसवायचा प्रयत्न केला. भुवया आल्या, कानामागचा व्रण आला, हसू काही केल्या येईना. “बघणाऱ्याचा असावा,” मी म्हटलं. ताई म्हणाली, “मला उजवा वाटतो.” दोघींनाही खात्री नव्हती. शेवटी तिने तिच्या मनासारखा काढला.

अंक छापून आला तेव्हा ताईने तो आपल्या पिशवीतच ठेवला होता. पण महिना भरला की आई हात पुढे करायची, तसा तिने केला. ताईने अंक दिला. आईने तो खिडकीपाशी नेला, उजेडात धरला. मग बोट चेहऱ्यावर टेकवून म्हणाली, “दात बरोबर काढलास.”

ताई भिंतीला टेकून उभी होती.

“आला म्हणायचा,” आई म्हणाली. ती येऊन खाटेवर बसली, पदर नीट केला आणि अंक माझ्याकडे दिला. “वाच. काय काय झालं, कुठे होता इतके दिवस, सगळं वाच. काही गाळू नकोस.”

मी अंक उघडला. पहिलं पान ठीक होतं. पण टेलिफोन एक्स्चेंजमधल्या नोकरीवरून येताना मी एक अंक विकत घेऊन बसमध्येच शेवट वाचला होता. आता पहिल्याच ओळीवर अडले. टेलिफोनवर दिवसभर बोलणारी मी, पण तिथे दोन शब्द जमेनात.

“काय झालं?” आई म्हणाली.

“तिचा घसा बसलाय,” ताई म्हणाली. “आण इकडे. मी वाचते.”

ताई आतलं कधी वाचत नसे. तो सुटतो हे आत वाचलं की पुढचं चित्र काढताना हाताला भीती राहत नाही, असं तिचं म्हणणं होतं. ती आईसमोर स्टुलावर बसली, अंक दोन्ही हातांत धरला आणि वाचू लागली. नीलझेप एका बंदरात उतरला. तिथे आजारी पडला. भाषा न कळणाऱ्या माणसांनी त्याला घरात घेतलं, औषधपाणी केलं. बरा झाल्यावर त्याने त्यांच्या नावा दुरुस्त करून दिल्या. मग एका सकाळी त्याला घराची आठवण आली. ताई संथपणे, अडखळत वाचत होती, अगदी वाचणाऱ्या माणसासारखी. त्या पानावर ह्यातलं एक अक्षरही नव्हतं. मी तिच्या खांद्यावरून बघत होते. चौकटीत आग होती आणि कोसळणारा पूल होता.

आई डोळे मिटून ऐकत होती. नीलझेप घराच्या वाटेला लागला. आमच्यासारखीच एक गल्ली आली, तसाच तुटका नळ आला. तेव्हा आई हळू आवाजात म्हणाली, “पान उलट.”

ताई थांबली.

“धाकटी एवढ्यात तीन-चार तरी उलटते,” आई म्हणाली. तिने डोळे उघडले नव्हते. “उलट, बाळ. हात अवघडला असेल.”

ताईने पान उलटलं. पुढचा शब्द काही तिला सुचला नाही. तिने दुसरं पान उलटलं, मग तिसरं. आई एकेका पानाचा आवाज ऐकत होती आणि प्रत्येकाला आपली मान किंचित हलवत होती, मी वाचत असताना हलवायची तशीच. पानं संपली तेव्हा तिने विचारलं, “एवढंच होतं?”

“एवढंच.”

“हं,” आई म्हणाली. तिने ताईच्या हातातून अंक घेतला, मांडीवर ठेवला आणि दुमडलेले कोपरे एकेक करून अंगठ्याने सरळ करत बसली.